सात दिवसांत मेंदू ‘धुऊन’ निघत नाही

दोन महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने सहा वर्षे चालू असलेल्या गोळ्या एका संध्याकाळी बंद केल्या, कारण तिच्या मोबाइलवर संदेश आला होता: ‘मनोविकाराच्या गोळ्या मेंदूच्या पेशी जाळतात, हातांची थरथर हा त्याचाच पुरावा आहे, या गोळ्यांचे व्यसन लागते, त्या आजच बंद करा, सात दिवसांत मेंदू धुऊन निघेल.’

तिच्या गोळ्या अँटिसायकोटिक, म्हणजे भास आणि संशय आवरणाऱ्या. ही औषधे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या डी-२ रिसेप्टरांवर, म्हणजे पेशींवरील ते रसायन पकडणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात आणि डोपामिनला तेथे जागा मिळू देत नाहीत. त्यामुळे भास आणि संशय ओसरतात. परंतु हालचालींचे नियमन करणाऱ्या भागातही हेच रिसेप्टर असल्याने तेथे अडथळा फार वाढला की हात थरथरतात. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलोपेरिडॉल हे असेच एक औषध घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे पेट स्कॅन (किती रिसेप्टर व्यापले गेले ते दाखवणारी चाचणी) करून २००० साली दाखवले की सुमारे ६५ टक्के रिसेप्टर व्यापले गेल्यावर सुधारणेची शक्यता वाढते, तर ७८ टक्क्यांच्या पुढे हालचालींच्या दुष्परिणामांची. म्हणजे थरथर ही बहुधा मात्रा जास्त झाल्याची खूण असते आणि डॉक्टरांनी मात्रा उतरवली की ती सहसा कमी होते. पेशी जळाल्या असत्या तर मात्रा उतरवून त्या परत आल्या असत्या काय?

सात दिवसांची बतावणी सर्वांत घातक आहे, कारण ती सात दिवस खरी वाटते. गुंगी उतरते, थरथर मंदावते आणि आजार मात्र लगेच उलटत नाही. पाचव्या दिवशी बहीणही म्हणाली की डोके हलके झाले. पाचव्या आठवड्यात तिने खिडक्यांना आतून कागद चिकटवले. २०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा.

व्यसनाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही: या गोळ्यांची तलफ येत नाही, उलट त्या घ्यायला लावणे हीच घरोघरची अडचण असते.

दुष्परिणाम खोटे आहेत, असे मात्र मला म्हणता येणार नाही. याच औषधांमुळे हिस्टामिन या दुसऱ्या रसायनाचे रिसेप्टर अडले की झोप आणि वजन वाढते, ॲसिटिलकोलिन या आणखी एका रसायनाचे अडले की तोंड कोरडे पडते. दीर्घकाळ औषध घेतल्यावर काहींना टार्डिव्ह डिस्किनेशिया होतो. त्यात तोंडाच्या व जिभेच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात आणि गोळी थांबवल्यावरही त्या कधीकधी राहतात. खरी धास्ती बाळगावी अशी गोष्ट ही आहे, आणि त्या संदेशात नेमके तिचे नावही नाही.