फोडणीने भात तापतो, विष जात नाही

"रात्रीचा भात खुशाल ओट्यावर झाकून ठेवा. सकाळी कडकडीत फोडणी दिली की सगळे जंतू मरतात, शिवाय हळद असतेच. फ्रीजमध्ये ठेवाल तर भात विषारी होईल." हा मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपांतून आला. फोडणीचा भात मलाही आवडतो, म्हणूनच लिहितोय.

'सगळे जंतू मरतात' हे पहिलंच वाक्य चुकीचं. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाचा मातीतला जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या, रूपात असतो. भात उकळला तरी त्याचे पुष्कळ बीजाणू टिकतात. उलट त्या उष्णतेने ते जागे होतात आणि बाकीचे जंतू मेल्यामुळे त्यांना रान मोकळं मिळतं. कोमट, ओलसर भातात हे जिवाणू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतात. सुरुवातीला शंभर धरले, तर आठ तासांत 65 लाख!

फोडणीत हे वाढलेले जिवाणू बरेचसे मरतीलही. पण तोवर त्यांनी सेरेयुलाइड हे विष भातात सोडलेलं असू शकतं, आणि ते 121 अंशांनाही दाद देत नाही. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत हेच घडलं. शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर राहायचा, मग गरम तव्यावर परतून वाढला जायचा. खाणाऱ्यांना काही तासांत उलट्या.

हळदीचं म्हणाल, तर चमचाभर हळद तयार विष उतरवत नाही. वासावरही जाऊ नका, या विषाला वास नसतो. आंबवलेल्या भाताची गोष्ट मात्र निराळी. तिथे आम्लता वाढते आणि हा जिवाणू आम्लात नीट वाढत नाही.

आता फ्रीज. थंडीत जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. फक्त भरलेलं पातेलं तसंच आत ढकलू नका, मधला भात कितीतरी वेळ कोमट राहतो. परातीत पसरून निववा आणि तासाभरात आत ठेवा.

"पिढ्यानपिढ्या खातोय, काय झालं?" झालंही असेल. या उलट्या बहुधा चोवीस तासांत थांबतात. घरात म्हणतात, पित्त झालं होतं.