ब्रांडनर यांची गेली ती खुर्ची, खासदारकी नव्हे

जर्मनीच्या राजकारणावर वाद सुरू झाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो : ‘एएफडी या उजव्या पक्षाचे वकील खासदार श्टेफान ब्रांडनर यांना एका ट्वीटसाठी संसदेतून हाकललं. तेही नियम धाब्यावर बसवून. माणसाचं करिअर संपवलं.’

आधी ‘संसदेतून हाकललं’. हे सरळ खोटं. थुरिंगिया राज्यातल्या गेरा शहरात वकिली करणारे ब्रांडनर 2014 मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि 2017 मध्ये बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जर्मनीच्या संसदेत. 13 नोव्हेंबर 2019 रोजी त्यांचं गेलं ते विधी समितीचं अध्यक्षपद. खासदारकी, सभागृहातलं भाषण, मतदान, कशालाच धक्का लागला नाही.

‘एका ट्वीटसाठी’ हेही अर्धवट. 9 ऑक्टोबर 2019 रोजी, ज्यूंच्या योम किप्पूर या पवित्र दिवशी, हाले शहरातल्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, हल्ला झाला. दरवाजा टिकला म्हणून आतले वाचले, पण बाहेर दोघांचा जीव गेला. मेणबत्त्या घेऊन सिनेगॉग आणि मशिदींपाशी जमणाऱ्या राजकारण्यांना हिणवणारं, मेलेले तर जर्मन होते असं सुचवणारं दुसऱ्या कुणाचं तरी ट्वीट ब्रांडनर यांनी पुढे पाठवलं. त्याबद्दल त्यांनी बुंडेस्टागमध्ये माफीही मागितली. प्रकरण तिथे मिटलंही असतं कदाचित. पण त्याच महिन्याच्या अखेरीस, एएफडीवर टीका करणारे गायक उडो लिंडेनबर्ग यांना मिळालेल्या राष्ट्रीय सन्मानाला त्यांनी ‘यूडासची बिदागी’ म्हटलं. येशूला पैशासाठी विकणाऱ्या यूडासचं नाव युरोपात शतकानुशतकं ज्यूद्वेषासाठी वापरलं गेलं आहे. हालेनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी, तेही विधी समितीच्या अध्यक्षाने, हा शब्द काढावा? समितीत 37 विरुद्ध 6 मतांनी त्यांना हटवण्यात आलं. एएफडी सोडून सगळे पक्ष एका बाजूला होते.

आता ‘नियम धाब्यावर’. या मुद्द्यात दम आहे, आणि तो मान्य केलाच पाहिजे. बुंडेस्टागच्या नियमावलीत समितीच्या अध्यक्षाला हटवण्याची स्पष्ट तरतूद नव्हती, आणि त्याआधीच्या सत्तर वर्षांत असं कधी घडलंही नव्हतं. बहुमताला आज एक अध्यक्ष नकोसा झाला, उद्या दुसरा होईल, ही भीती एएफडीचा मतदार नसलेल्यालाही वाटू शकते. पण आपल्याकडे संसदीय समितीचा अध्यक्ष लोकसभा अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती नेमतात, तसं तिथे नाही. कोणत्या पक्षाच्या वाट्याला कोणती समिती, हे संख्याबळावरून ठरतं. अध्यक्ष मात्र समिती ठरवते, आणि 2018 मध्ये ब्रांडनर समितीच्या मतदानातूनच निवडून आले होते. ज्यांनी मत देऊन बसवलं, ते मत देऊन उठवू शकतात का? हाच प्रश्न कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयापुढे गेला. 2020 मध्ये तातडीचा आदेश नाकारला गेला, आणि 18 सप्टेंबर 2024 रोजी अंतिम निकालातही एएफडी हरली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : आपलं कामकाज कसं चालवायचं हे संसद स्वतः ठरवते, समितीचं अध्यक्षपद हे मुख्यतः कामकाज चालवण्याचं पद आहे, आणि हटवण्याचा निर्णय मनमानी नव्हता. निकाल चुकीचा वाटला तर जरूर म्हणावं, पण ‘नियम मोडले’ हे कोर्टात टिकलेलं नाही.

राहिलं ‘करिअर संपवलं’. खुर्ची गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत, ब्राउनश्वाइगच्या अधिवेशनात, पक्षाने त्यांना राष्ट्रीय उपाध्यक्षांपैकी एक केलं. 2021 मध्ये गेराच्या मतदारसंघात ते थेट निवडून आले, आणि 2025 मध्ये पुन्हा बुंडेस्टागमध्ये पोहोचले.