बेल्ट मुरडून बघू नका : 'इंजिन उतरल्यावर फक्त बिघडलेलंच बदला' या मेसेजला उत्तर

गुरुवारी सकाळी कराडहून मामांचा फोन आला. डस्टरचं इंजिन खाली उतरलंय, रिंगा आणि बेअरिंगचं काम आहे, आणि मेकॅनिकने वर आणखी नऊ वस्तूंची यादी दिली आहे. "लुटायला बसलाय तो," मामा म्हणाले आणि पुरावा म्हणून एक मेसेज पाठवला. 'इंजिन उतरलं की गॅरेजवाल्यांची दिवाळी. फक्त बिघडलेला भाग बदला, बाकीच्याला हात लावू देऊ नका.' खाली सहा मुद्दे. हाच मेसेज मला आधी तिघांनी पाठवलाय, तेव्हा सोडून दिला. आता तो घरात शिरलाय. मी इंजिनं खोलूनच पोट भरतो, गप्प बसवत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. 'टायमिंग बेल्ट उलटा मुरडून बघा. भेग दिसली नाही तर तोच परत टाका.'

टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा) यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा. त्याचा भार रबर पेलत नाही. रबराच्या आत काचतंतूंच्या बारीक दोऱ्या असतात, त्या पेलतात. बेल्ट कडक मुरडला की हे तंतू आतल्या आत तुटतात आणि वरून बेल्ट नव्यासारखा दिसत राहतो. गेट्ससारख्या बेल्ट बनवणाऱ्या कंपन्या नव्या बेल्टबद्दलसुद्धा हेच बजावतात : मुरडू नका, पिळू नका, उलटा करू नका. म्हणजे मेसेजमधली ही परीक्षाच धडधाकट बेल्ट निकामी करते, आणि मग तोच बेल्ट इंजिनात टाकायला सांगते!

मामांच्या गाडीत रेनोचं १,४६१ सीसीचं के-नाइन-के डिझेल आहे. या इंजिनात बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, क्रँक मात्र फिरत राहतो. २,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३३ फेऱ्या मारतो. तेवढ्या वेगात पिस्टन वर येतो आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्ववर आदळतो. व्हॉल्व वाकतात, कधी पिस्टनही जातो. कालच टाकलेल्या नव्या रिंगा, नवी बेअरिंग, दिलेली मजुरी, सगळं पाण्यात. रेनोच्या दुरुस्ती पुस्तिकेत याबद्दल चर्चेला जागाच ठेवलेली नाही : काढलेला बेल्ट परत बसवायचा नाही, नवाच टाकायचा. भेग असो वा नसो.

याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो. त्यामुळे 'पंप गळत नाही तर कशाला बदलता' हा दुसरा मुद्दाही इथेच निकालात निघतो. सहा महिन्यांनी पंप गळाला तर तोच बेल्ट पुन्हा काढावा लागेल, आणि कूलंट बेल्टवर सांडेल ते वेगळंच. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचंही तसंच. मी मामांना व्हिडिओ कॉलवर जुन्या टेन्शनरची पुली बोटाने फिरवायला सांगितली. चांगली पुली आवाज न करता, किंचित जड फिरते. ही भिंगरीसारखी सुटली आणि खर्र आवाज फोनवर मलाही ऐकू आला. आतलं ग्रीस संपलं होतं.

'हेड बोल्ट लोखंडाचे असतात, ते खराब होत नाहीत.' अहो, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, दाबून धरणारे हे बोल्ट आधी टॉर्क पान्याने (जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळतात आणि मग ठरावीक अंशांत आणखी फिरवतात, ते ताणले जावेत म्हणूनच. एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तशी पकड देईल याचा भरवसा नाही. हेडचं पॅकिंग उडतं ते अशाच ठिकाणी.

क्रँकचा मागचा सील (ऑइल बाहेर येऊ न देणारी कडी) : गिअरबॉक्स बाजूला झालाय, फ्लायव्हील निघालंय, सील समोर दिसतोय. उद्या तो गळला तर क्लच प्लेटवर ऑइल येईल आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली उतरवावा लागेल. बदला आणि मोकळे व्हा.

पॅकिंगऐवजी 'भरपूर अनाबॉन्ड (सांधे बंद करणारी पेस्ट) लावा' म्हणणाऱ्याने एकदा चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उघडून स्ट्रेनर, म्हणजे ऑइलची जाळी, बघावा. आत दाबली गेलेली जादा पेस्ट सुटून तिथेच जाऊन बसते आणि ऑइलची वाट अडवते.

आता सहावा मुद्दा. टर्बो, इंजेक्टर, स्टार्टर, अल्टरनेटर 'इंजिन उतरलंच आहे तर' म्हणून बदलू नका, असं मेसेज सांगतो. हे मान्य करावं लागेल, मनात नसलं तरी. हे भाग इंजिन गाडीत असतानाही निघतात. इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या, टर्बोच्या शाफ्टला खेळ आहे का बघा, ठीक असेल तर तोच बसवा. मामांच्या नऊ वस्तूंतला अल्टरनेटर मीच खोडायला लावला. क्लच प्लेट मात्र मोजून ठरवा. प्लेट बदलणार असाल तर रिलीज बेअरिंग जुनं ठेवू नका.

एवढं बोलून झाल्यावर मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, बेल्ट मी काल मुरडून बघितला. भेग नव्हती. तोच टाक म्हणून सांगून आलो."

फोन मेकॅनिकच्या हातात द्यायला लावला. बेल्ट अजून बाकावर पडून होता. मामांच्या समोर तो कात्रीने कापायला सांगितला, म्हणजे चुकूनही कोणी बसवणार नाही. नवं किट शनिवारी येतंय.