‘मुलगा अमेरिकेत आहे’ म्हटलं की आपण बाकी काही विचारतच नाही

आज लातुरात एका साखरपुड्याला गेले होते. पंगतीत शेजारच्या काकू माझ्या मामेबहिणीबद्दल म्हणाल्या, “एवढं सोन्यासारखं स्थळ होतं, तिनंच जरा सोसायला पाहिजे होतं.” लोकांचं कार्य, म्हणून तिथं गप्प बसले. इथं बसणार नाही.

काय सोसायचं, काकू? कॉलेजात शिकवणारी पोरगी न्यू जर्सीला गेली ती एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेली. त्यावर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून सूट आहे, तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम पुढं सरकलं असेल तरच. पासपोर्ट त्याच्या कपाटात. भाजीला वीस डॉलर द्यायचा आणि पावती मागायचा. पुढं हात उचलायला लागला. “पोलिसांना बोलावलंस तर तुलाच हाकलतील,” हे वर.

धादांत खोटं. फोन केला म्हणून एच-४ जात नाही. पण घटस्फोट झाला की जातो, आणि तिला धाक त्याचाच होता. नवरा अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर छळ सोसणाऱ्या बायकोला त्याला न कळवता स्वतः ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येतो. एच-१बी, म्हणजे नोकरीपुरत्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला ती वाट बंद! वर्क परमिट मागता येतं, पण त्यानं राहायचा हक्क मिळत नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा आहे, पण वर्षाला १०,०००, तेही सगळ्या देशांच्या लोकांत मिळून. मार तोच, आणि कायदा बघतो नवऱ्याकडं कुठला कागद आहे ते.

सगळी पोरं तशी नसतात, मान्य.

आणि आपलं सरकार? एनआरआय लग्नाची ३० दिवसांत नोंदणी करायला लावणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आलं. त्याचा कायदा काही झाला नाही. बरं एवढंच की त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाईनं जिथं आसरा घेतलाय तिथंच तिला ४९८-अ ची, म्हणजे नवरा-सासरच्या छळाची फिर्याद देता येईल (२०२४ पासून हेच कलम न्याय संहितेत ८५ आहे). बहिणीनं इथंच दिली. ठाण्यातले साहेब म्हणाले, “नवरा तिकडं, आम्ही काय करावं बाई?” मामा तिथंच खाली बसले. ते आठवलं की राग कुठल्या कुठं जातो, नुसतं भरून येतं.

ती आता परत शिकवते. वर्गात तिचा आवाज पहिल्यासारखाच खणखणीत आहे.

यंदा लेक तिकडं पाठवणारे माझ्या यादीत आहेत. सोनं किती तोळे ते ठरलंय तुमचं, तसं व्हिसा कुठला तेही विचारा. पासपोर्ट तिच्याजवळ, बँकेत खातं तिच्या नावावर. अमेरिकेतली हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, चोवीस तास चालते, दुभाषा मिळतो. हा नंबर तिला पाठ करायला लावा. बहिणीशी बोलायचं असेल तर मला मेसेज करा. ती बोलेल, मी तिला विचारलंय.