तवा कोल्हापुरात, माती डोरड्रेख्टची

आमच्या मावसभावाचं महाद्वार रोडच्या आतल्या बोळात भांड्याचं दुकान आहे, आणि गेल्या महिन्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो राडा झाला तो त्यानं टाकलेल्या एका फोटोवरनं. नवीन नॉनस्टिक तवा, डब्यावर हिरवं पान आणि खाली ‘पीएफओए फ्री’. भाचीनं लिहिलं, मामा हे विष विकू नका, युरोपात बंदी आहे याला. झालं. दादा पेटला, "आरं पोट भरल्यावर सुचतंय हे गोऱ्यांना, हितं पंचगंगेत मासं मरून वर येत्यात ते बघा की आधी." आणि मग दोघांनीही मला टॅग केलं, तू तिथं राहतोस, तूच सांग.

सांगतो, पण दोघांनाही आवडणार नाही.

युरोपात बंदी आहे हे अर्धंमुर्धं खरंय. पीफास म्हणजे कार्बन-फ्लोरीनची जोडी असलेली हजारो रसायनं, तव्यावरचा नॉनस्टिक थर त्यातलाच आणि डब्यावरचं पीएफओए पण त्यातलंच, ही जोडी इतकी चिवट की ऊन-पाऊस-जिवाणू कुणाच्याच बापाला सहजी तुटत नाही, म्हणून त्याच्यावर तेलपाणी टिकत नाही आणि म्हणूनच एकदा मातीत गेलं की ते जातच नाही. २०२३ च्या जानेवारीत जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी मिळून अख्ख्या गटावरच निर्बंध घाला असा प्रस्ताव दिला, दहा हजारांवर रसायनं एका दमात, आणि तो तेव्हापासनं कमिट्यांमध्ये फिरतोय. डेन्मार्कनं खाण्याच्या कागदी पॅकिंगमधनं २०२० लाच हद्दपार केलं. फ्रान्सनं २०२५ मध्ये कायदा केला, त्यात कपडे आले, मेकअप आला, स्कीला लावायचं मेणसुद्धा आलं, भांडी मात्र सुटली, कारण भांड्यांच्या कारखान्यातले कामगार पॅरिसात रस्त्यावर उतरले होते. म्हणजे दादा, तुझी माणसं इकडं पण आहेत.

आता ते स्टिकर. मी नेदरलँड्समध्ये पापेनड्रेख्टला राहतो, नदीच्या पलीकडं डोरड्रेख्ट, तिथं साठच्या दशकापासनं टेफ्लॉन, म्हणजे तव्यावरचा तो थर, बनवणारा कारखाना आहे. २०१२ पर्यंत तिथं पीएफओए वापरायचे, मग ते बंद करून त्याच कुळातलं जेनएक्स आणलं, आणि आता नदीत जेनएक्स पण सापडतं. पीएफओएला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०२३ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं. पण ‘पीएफओए फ्री’ म्हणजे हजारातला एक पाव्हणा घरात नाही एवढंच, बाकी वऱ्हाड आत असू शकतं. एकेक नाव घेऊन बंदी घालत बसलं की असंच होणार.

पण भाचे, तू ज्या तव्यावर भडकलीस त्याच्यावरचा थर रोजच्या स्वयंपाकात तसा गप पडून असतो, रिकामा तवा फुल गॅसवर ठेवून विसरला नाहीस म्हणजे झालं. घाण होते ती तो थर जिथं बनतो तिथं. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी चार कोंबड्या पाळल्यात, सहा-सहा अंडी जुन्या ट्रेमध्ये घालून आमच्या दारात ठेवायच्या, मी बदल्यात डबाभर चकली द्यायचो. २०२५ च्या एप्रिलमध्ये इथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं सांगितलं की घरच्या कोंबडीचं अंडं खाऊच नका, त्यात पीफास सापडतंय, नुसतं आमच्या भागात नाही, अख्ख्या देशात, दुकानातलं चालेल. मोकळी कोंबडी माती उकरते, गांडुळं खाते, आणि संशय त्याच गांडुळांवर आहे. आपल्याकडं गावरान अंड्याला दोन पैसे जास्त मोजतो आपण, इथं तेच अंडं कचऱ्यात. २०२३ मध्ये रॉटरडॅमच्या कोर्टानं चार गावांच्या बाजूनं निकाल दिला, कंपनी जबाबदार ठरली, छान झालं, पण निकालानं माती थोडीच धुऊन निघते.

म्हणून मला दादाच्या तव्यापेक्षा लोटे परशुरामची काळजी जास्त वाटते. इटलीत विचेन्झाजवळ मितेनी नावाचा पीफास बनवणारा कारखाना होता, त्यानं तिथल्या जमिनीखालच्या पाण्याची वाट लावली, २०१८ मध्ये दिवाळं निघालं, २०२५ च्या जूनमध्ये ११ अधिकाऱ्यांना शिक्षा झाली. आणि त्याची मशिनरी? ती विकत घेऊन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोट्याला आणली. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण ओलांडलं की आलंच. दादा म्हणतो हे गोऱ्यांचं खूळ, अरे गोऱ्यांनी खूळ नाही, मशीनच पाठवलंय की!

एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्याकडं खाण्याची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये खाण्याच्या पॅकिंगमधनं पीफास काढायचा मसुदा आणला, चांगलंच आहे, पण तो पॅकिंगचा आहे, कारखान्याच्या सांडपाण्याचा नाही. माझं म्हणणं असं की आधी बनवणाऱ्याला धरा, अख्ख्या गटाला धरा, पाणी तपासा आणि आकडे गावकऱ्यांना दाखवा, बोळातल्या दुकानदाराला डब्यावर काय लिहिलंय याचा जाब विचारून काही होत नाही. बाकी दादा, शिरोली-उद्यमनगरात बीड ओतणारं गाव आपलं, आणि बिडाचा तवा तुझ्या दुकानात सगळ्यात मागच्या फळीवर, हे काय मला पटलेलं नाही.

रात्री आईचा फोन आला. तव्याचं तिला काही पडलेलं नव्हतं, ती विचारत होती त्या म्हातारीच्या कोंबड्यांचं काय झालं. म्हटलं, आहेत, अंडी टाकून देते. "टाकून?" मग जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग कोंबड्या तरी कशाला पोसतीया, कापून तांबडा रस्सा कर म्हणावं."

मांसाचं मी काही काढलंच नाही.