गद्दार कोणाला म्हणायचं?

फॅमिली ग्रुपवर परत तेच सुरू झालंय. लालबागच्या मावसभावाने लिहिलं की गिरणी कामगारांच्या पोरांनी सेनेशी गद्दारी केली, त्यावर दुसरा म्हणाला आधी खरी सेना कुठली ते सांग. 2022 ला शिवसेना फुटून तिच्या दोन सेना झाल्या तेव्हापासून गद्दार आणि निष्ठावंत हे दोन शब्द आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत आलेत. मला एवढंच म्हणायचंय, तिकिटावर निवडून येऊन उडी मारणाऱ्या आमदाराला गद्दार म्हणा, पण मतदाराला नाही. त्याने कुणाचं मीठ खाल्लेलं नसतं, उलट पक्षांनीच त्याचं खाल्लेलं असतं.

मी इथे इंग्लंडला डरहॅम काउंटीत नर्स आहे. हा कोळसा खाणींचा भाग, 1919 ला लेबर पार्टीच्या, म्हणजे कामगारांच्या पक्षाच्या, हातात देशातली पहिली काउंटी कौन्सिल आली ती हीच. 2021 ला त्यांचं बहुमत गेलं आणि मे 2025 मध्ये 98 पैकी फक्त 4 जागा उरल्या, बाकी बहुतेक रिफॉर्म या उजव्या, स्थलांतरितांच्या विरोधातल्या पार्टीने नेल्या. बाहेरचे लोक म्हणतात कामगार बेइमान झाला.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड खाणकामगार राहतात, 1984-85 च्या संपात जवळजवळ वर्षभर घरी बसलेले. 2024 ला लेबर सरकार आलं आणि काही महिन्यांतच त्यांनी म्हाताऱ्यांना हिवाळ्यात मिळणारे हीटिंगचे पैसे बहुतेकांचे बंद केले. त्या डिसेंबरात मी डाळीचा डबा द्यायला गेले तर आजोबा किचनमध्ये कोट टोपी घालून बसलेले, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, आणि खिडकीत गॅसच्या मीटरचा छोटा डिस्प्ले, त्याच्यावरून नजर हलत नव्हती. मे महिन्यात ते मतदानालाच गेले नाहीत, आयुष्यात पहिल्यांदा. मला म्हणाले, बापाने युनियनचं कार्ड हातात दिलं तेव्हा दोन कामं सांगितली होती, वर्गणी वेळेवर भरायची आणि मीटिंगला प्रश्न विचारायचा, आता वर्गणी घेतात पण मीटिंगच होत नाही. नंतर 2025 मध्ये सरकारने त्यातल्या बऱ्याच जणांचे पैसे परत सुरू केले, ते कशामुळे, गप्प बसून मतं देत राहिल्यामुळे नक्कीच नाही.

माझंही तेच. भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, कॉमनवेल्थच्या नागरिकांना तो हक्क आहे, म्हणून मी 2024 ला पासपोर्ट दाखवून लेबरला दिलं. मग त्याच सरकारने पर्मनंट राहण्यासाठीची पाच वर्षं दहा करायचा प्रस्ताव आणला. रिफॉर्म तर पर्मनंट राहण्याचा हक्कच काढून टाकायला निघालीय, तिकडे मी जाणार नाहीच, पण म्हणून लेबरने मला गृहीत धरावं हे मला मान्य नाही.

आता आमच्या घरचं सांगते. आजोबा लाल बावट्याचे. 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यातून सेनेचा पहिला आमदार, वामनराव महाडिक, निवडून आला. बाबा तेव्हा सेनेकडे गेले, 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर संपाचे नेते दत्ता सामंतांकडे, 1984 ला त्यांना लोकसभेत पाठवलं, आणि सगळं संपल्यावर परत सेनेकडे. नातेवाईक त्यांना पलटी मारणारा म्हणायचे आणि बाबा खाली मान घालून ऐकायचे, ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं. अरे, अडीच लाख माणसांचा पगार थांबला होता, माणूस कोण उभं राहतंय ते बघणारच ना! पक्ष बदलून त्यांना फार काही मिळालं नाही हे खरंय, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर झाले. पण एकाच पक्षाला चिकटून राहिलेल्यांनाही त्या टॉवरमध्ये जागा मिळाली नाही.

निष्ठा ठेवायचीच तर सोबत संपावर बसलेल्या माणसांशी ठेवा. बाबांनी ती ठेवली, चाळीतल्या तीन विधवांचे गिरणी कामगारांच्या घरासाठीचे सरकारी फॉर्म त्यांनीच भरून दिले, सेनेचे नव्हते त्यांचेसुद्धा.

मावसभावाला मी रात्री उत्तर टाकलं. बाबांचा घराचा फॉर्म अजून त्या निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये कपाटात आहे, तुमच्या दोन्ही सेना आलटून पालटून सत्तेत बसल्या, आता कामगारांना घरं द्यायला मुंबईबाहेर शेलू-वांगणीला पाठवायचं चाललंय. ती फाइल घे आणि दोन्ही शाखांमध्ये जाऊन विचार, घर मुंबईत कधी देताय.

अजून ब्लू टिक आलेली नाही.