नरीमन बिल्डर नव्हते

आज सकाळी चर्चगेटहून नरीमन पॉइंटला जायला शेअर टॅक्सीत बसले. मागे दोन मुलं, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, चांगली मराठी बोलणारी. एक म्हणाला, नरीमन म्हणजे तो सुप्रीम कोर्टाचा मोठा वकील ना? दुसरा म्हणाला, नाय रे, बिल्डर असणार कोणीतरी पारशी, सगळा भराव त्यानेच टाकला असेल. माझं डोकंच फिरलं. अजून उतरलेलं नाहीये, म्हणून लिहितेय.

बिल्डर!! अरे, ज्या माणसाने बॅकबेच्या, म्हणजे मरीन ड्राइव्हसमोरच्या समुद्राच्या, भरावातली लूट चव्हाट्यावर आणली त्याला तुम्ही बिल्डर करून टाकलंत?

खुर्शेद फ्रामजी नरीमन. वकील, १९३५-३६ चे मुंबईचे महापौर. सुप्रीम कोर्टाचे वकील फली नरीमन ते वेगळे. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, आप्पांकडून, माझ्या वडिलांकडून कळलं. रविवारी संध्याकाळी गिरगावातून चालत आम्ही मरीन ड्राइव्हला यायचो, कट्ट्यावर बसून चणे खायचे आणि आप्पा समुद्राकडे हात करून सांगायचे, इथं पाणी होतं, आणि पाण्यात लोकांचे पैसे गेले. लॉइड गव्हर्नर असताना १९२० च्या सुमारास सरकारने बॅकबे भरायचा घाट घातला, ड्रेजरने समुद्राच्या तळाचा गाळ काढून आत टाकायचा आणि बाहेरून भिंत. तर भिंतीतून गाळ परत समुद्रात! खर्च मात्र वाढतच चालला. नरीमन मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभे राहून विचारायला लागले, पेपरात लिहायला लागले, शेवटी हार्वे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्या काळी साहेबाने खटला भरायचा म्हणजे माणूस संपलाच. नरीमन सुटले, निर्दोष. आप्पा इथपर्यंत आले की चण्याची पुडी बाजूला ठेवायचे.

आता आप्पांना यात एवढं काय होतं ते सांगते. आप्पा एका सरकारी खात्यात ओव्हरसियर. रस्त्याचं काम, बिलात खडीचा थर नऊ इंच. आप्पांनी मजुराकडून खड्डा खणून घेतला, टेप लावली, सहा भरले. मेजरमेंट बुकात सहा लिहिले. साहेब म्हणाले नऊ करा, आप्पांनी नाही केले. बस एवढंच.

आणि महापौर म्हणजे काय हेही लोकांना कळत नाही. कारभार कमिशनरच्या हातात, १८८८ च्या कायद्यापासून. तरीसुद्धा हा माणूस त्या खुर्चीत बसला तेव्हा मिठाच्या सत्याग्रहात जेलमध्ये जाऊन आलेला होता, मुंबई काँग्रेसचा अध्यक्ष होता, आणि लोक त्याला प्रेमाने वीर नरीमन म्हणत होते. वीर ही सरकारी पदवी नाही हो, लोकांनी लावलेलं आहे ते.

मग १९३७ आलं. इलेक्शन काँग्रेसने जिंकली, मुंबई इलाख्याचा पंतप्रधान कोण (तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणायचे), तर अख्खी मुंबई नरीमनच धरून चालली होती. नेमले बाळासाहेब खेर. खेरांबद्दल मी ब्र काढणार नाही, फार स्वच्छ माणूस. पण नरीमनना डावललं ते डावललंच. आपल्याला वल्लभभाईंनीच डावललं असा आरोप नरीमननी केला, चौकशी लागली, ती गांधीजी आणि बहादुरजी वकील यांनी केली, निकाल नरीमनच्या विरुद्ध गेला. बरं, चौकशी त्यांनीच मागितली होती, हेही मान्य. १९३४ च्या निवडणुकीत पक्षाचं काम नीट केलं नाही असाही ठपका होता. असेल काही चुकलं. पण वर्किंग कमिटीने थेट ठराव करायचा की हा माणूस विश्वासाच्या जागेला लायक नाही? मौलाना आझादांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय की नरीमनवर अन्याय झाला. नंतर लिहून काय उपयोग. १९४८ मध्ये दिल्लीत गेले बिचारे.

आप्पांचं प्रमोशन साहेबाने नाही अडवलं, माहितीये? साहेब तर बदलून गेले. अडवलं ते ज्यांच्याबरोबर पंधरा वर्षं डबा खाल्ला त्या चौघांनी, लिहून दिलं की वागणूक सहकार्याची नाही. माझी आई त्यातल्या एकासाठी रोज वेगळी भाजी द्यायची, त्याला वांगं चालायचं नाही म्हणून. ते पत्र कळल्यावरच्या रविवारी आप्पा मला घेऊन कट्ट्यावर आले, मी सातवीत असेन, आणि नेहमीची गोष्ट सांगता सांगता हार्वेच्या खटल्यावर थांबले. १९३७ मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते मी नंतर वाचलं, आणि मग मला कळलं ते का थांबायचे.

मघाशी चिडून लिहायला घेतलं होतं, आता राग गेला. त्या मुलांची तरी काय चूक, त्यांना सांगितलं कोणी? मरीन ड्राइव्ह त्याच भरावावर उभा आहे, मीही तिथेच लहानाची मोठी झाले, मलाही तो आवडतोच. टॅक्सीतून उतरताना मी त्या बिल्डरवाल्याला सगळं सांगितलं, जमेल तेवढं. त्याने ऐकलं बिचाऱ्याने, आणि विचारलं, मग मावशी हे कुठं लिहिलेलं का नाहीये इथं?

मी महापालिकेच्या ए वॉर्डात अर्ज देणार आहे. वीर नरीमन रोडच्या पाटीखाली दोनच ओळी लावा म्हणून. के. एफ. नरीमन, वकील, मुंबईचे महापौर १९३५-३६. बॅकबेच्या भरावातला गैरव्यवहार उघडकीस आणला, त्यासाठी कोर्टात उभे राहिले. कोणाला सही करायची असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, शनिवारी मी कागद घेऊन चर्चगेटच्या शेअर टॅक्सीच्या लाइनीपाशी थांबेन, अकरापर्यंत.